सहा सॅलरी स्लिपा आणि पितृपक्ष : भाचीच्या यूके स्पाउस व्हिसाच्या फाइलचं पूर्ण प्रकरण

भाचीचं लग्न डिसेंबर २०२४ ला नागपुरातच झालं, जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला, आणि तिला तिकडे न्यायचं म्हणून स्पाउस व्हिसाची जी फाइल तयार झाली ती जवळजवळ पूर्ण माझ्याच टेबलावर झाली. मी धंतोलीत एका सीएच्या ऑफिसात काम करतो, व्हिसा एजंट नाही, वकील तर नाहीच, पण बँक स्टेटमेंट न् सॅलरी स्लिपा जुळवत बसणं हेच दिवसभराचं काम, म्हणून ताईनं कागदांची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, बघ रे बाबा तूच. नावं टाकत नाही, घरातली गोष्ट आहे. नियम आणि फीचे आकडे २०२५ चे आहेत, ते बदलत राहतात, ज्याला अर्ज करायचा त्यानं त्या दिवशीची यूके सरकारची वेबसाइट उघडूनच बसावं.

पिशवीत काय होतं ते आधी सांगतो कारण बहुतेक घरांत हेच असतं. लग्नाचे दोन जाड अल्बम, पेन ड्राइव्हमध्ये बाराशेच्या वर फोटो, पत्रिका, हॉलची पावती, दागिन्यांची बिलं, ताईच्या मिस्टरांच्या एफडीच्या झेरॉक्स, काटोल रोडकडच्या शेताचा सातबारा, आणि वरून एक नेटवर्थ सर्टिफिकेट काढून दे अशी मला फर्माईश. जावयाच्या पगाराचा एकही कागद नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर अर्ज पास की नापास ठरणार तीच पिशवीत नव्हती आणि जे कोणी विचारणार नाही त्याचा ढीग होता.

पण पगाराच्या आधी एक घोळ निस्तरायला लागला, तो म्हणजे नेमका व्हिसा कोणता. शेजारच्यांची मुलगी दीड वर्षापूर्वी नवऱ्याकडे यूकेला गेली, तिचं तीन आठवड्यांत झालं, पगाराची मर्यादा वगैरे कोणी विचारली नाही, मग आपल्यालाच एवढं का, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. फरक असा की त्या मुलीचा नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, ती त्याची डिपेंडंट म्हणून गेली, तो वेगळाच अर्ज. आपल्या जावयाला लग्नाच्या जरा आधी आयएलआर मिळालं, म्हणजे तिकडे कायमचं राहायची परवानगी, आणि तो सेटल झाला की त्याची बायको वर्क व्हिसाची डिपेंडंट होऊ शकत नाही, तिला फॅमिली रूटनंच जायला लागतं, तिथे ॲपेंडिक्स एफएम नावाचे नियम लागतात. लोकांना वाटतं नवऱ्याचं स्टेटस जेवढं पक्कं तेवढा बायकोचा व्हिसा सोपा, प्रत्यक्षात कागदांच्या बाबतीत उलटंच होतं. एका एजंटनं तर डिपेंडंटचाच फॉर्म अर्धा भरून ठेवला होता, तो थांबवला.

आता पगार. ११ एप्रिल २०२४ पासून स्पॉन्सरचं, म्हणजे तिकडून बोलावणाऱ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं, वर्षाचं उत्पन्न किमान २९,००० पाउंड पाहिजे, त्याआधी २०१२ पासून १८,६०० होतं. जावयाचा पगार ३१,२००, म्हणजे महिन्याला २,६०० ग्रॉस, कपातीच्या आधीचे. ऐकल्यावर सगळे खूश, झालं की मग. पण त्यानं नोकरी बदललेली होती. जुनी नोकरी जानेवारीच्या मध्यात सुटली, नवीन १० फेब्रुवारी २०२५ ला लागली, मधे साडेतीन आठवडे रिकामे. नियमात नोकरदारांचे दोन कप्पे आहेत. एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण झाले असतील तर कॅटेगरी ए, त्यात सहा महिन्यांच्या स्लिपा आणि त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. सहा महिने झाले नसतील तर कॅटेगरी बी, त्यात आजचा पगार तर २९ हजारांच्या वर पाहिजेच, शिवाय मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं ग्रॉसही २९ हजारांच्या वर पाहिजे.

जून २०२५ ला ताई मागे लागली की आत्ताच टाकून देऊ. म्हणून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. जुना पगार ३०,००० होता, म्हणजे महिन्याला २,५००, जून २०२४ ते जानेवारी मध्य साडेसात महिने, त्याचे १८,७५०. नवीन नोकरीचे फेब्रुवारीच्या दहा तारखेपासून मे अखेरपर्यंत साडेनऊ हजारांच्या आसपास. बेरीज २८,२०० च्या थोडी वर. दोन्ही नोकऱ्यांचा पगार मर्यादेच्या वर, तरी मधल्या साडेतीन आठवड्यांनी साताठशे पाउंड कमी पाडले. हा अर्ज जूनमध्ये गेला असता तर फोटो कितीही गोड असू द्या, पैशाच्या मुद्द्यावरच अडकला असता. शिवाय कॅटेगरी बीत जुन्या मालकाचंही पत्र लागतं आणि सोडलेल्या मालकाकडून पत्र काढणं काय असतं ते ज्यानं काढलंय त्याला विचारा.

मग एफडीचं काय, ती दाखवू की, असं ताईचे मिस्टर. त्यांना नीट समजवायला एक संध्याकाळ गेली. सासऱ्याची एफडी, सातबारा, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, याला त्या अर्जात शून्य किंमत आहे. पैसा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर, त्यांच्या ताब्यात, आणि सहा महिने खात्यात पडून असलेला पाहिजे. तोही १६,००० पाउंडांच्या वर जेवढा असेल तेवढाच धरतात, आणि पगार अजिबात न दाखवता फक्त बचतीवर जायचं तर ८८,५०० पाउंड लागतात, म्हणजे आपले एक कोटीच्या वर. नेटवर्थ सर्टिफिकेट मी काढलं नाही. आमच्या ऑफिसला त्याची फी मिळाली असती हे खरं, पण ज्या कागदाचा उपयोग नाही तो फाइलमध्ये घातला की वाचणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जातं.

तर थांबायचं ठरलं. कधीपर्यंत, यावरही वाद. जावयाचं म्हणणं, फेब्रुवारी मार्च एप्रिल मे जून जुलै, झाल्या की सहा स्लिपा, जुलैच्या शेवटी टाकू. पण फेब्रुवारीची स्लिप अर्धवट महिन्याची, ती सतराशेच्या घरातली, आणि १० फेब्रुवारीला लागलेल्या माणसाचे सहा महिने १० ऑगस्टला होतात, ३१ जुलैला नाही. स्लिपा सहा आणि महिने सहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी म्हटलं मार्च ते ऑगस्ट अशा सहा भरलेल्या स्लिपा घेऊ, सगळ्या २,६०० च्या, एकसारख्या, बघणाऱ्याला कुठे बोट ठेवायला जागाच नको. ऑगस्टचा पगार २९ तारखेला झाला.

स्लिपा हातात आल्यावर आपलं रोजचं काम, टिक मारत जाणे. स्लिपवरचा नेट आणि बँकेत जमा झालेली रक्कम, महिन्यागणिक. पाच महिने पैशापैशाला जुळले. मे मध्ये बँकेत ८४ पाउंड जास्त. जावयाला फोन लावला तर तो म्हणे मामा, काही नाही हो, ऑफिसच्या कामानं मँचेस्टरला गेलो होतो, ट्रेनचे पैसे पगारासोबतच टाकले त्यांनी. बरोबर आहे, पण तिकडे फाइल बघणाऱ्याला मँचेस्टर माहीत नाही, त्याच्यापुढे फक्त दोन न जुळणारे आकडे. कंपनीच्या पत्रात एक ओळ घालून घेतली की मे च्या जमा रकमेत प्रवासखर्चाचे ८४ पाउंड आहेत.

त्या पत्राचंही सांगतो. एचआरनं पहिल्यांदा दिलेलं पत्र दोन ओळींचं, सदर व्यक्ती आमच्याकडे काम करते, शुभेच्छा. नियमाप्रमाणे पत्रात नोकरी आणि वार्षिक ग्रॉस पगार, किती दिवसांपासून आहे, हा पगार कधीपासून मिळतोय, आणि नोकरी पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट की एजन्सीतून, हे सगळं लागतं. हे मुद्दे जावयाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले, त्यानं तसेच्या तसे एचआरला मेल केले, दुसरं पत्र व्यवस्थित आलं. एचआरला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यांचाही काही दोष नाही. आणि बँक स्टेटमेंट म्हणजे बँकेचं नाव, खातेदाराचं नाव, खाते नंबर असलेलं खरं स्टेटमेंट, मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट नाही. जावयानं आधी स्क्रीनशॉटच पाठवले होते, वर बॅटरी ११ टक्के दिसत होती.

पगाराचं मार्गी लागल्यावर नावांचं. आपल्याकडे हा खरा गुंता. भाचीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. डिग्रीवर तेच. लग्नात जावयाकडच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, हौस म्हणून, आणि सासूबाईंनी उत्साहानं लग्नानंतर महिनाभरात आधारवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव करून घेतलं, पहिलं नाव तेवढं जुनंच ठेवलं हे नशीब. पॅन जुनं, बँक खातं नवीन नावाचं. म्हणजे एकाच मुलीचे कागद दोन नावांचे. नातेवाइकांचे सल्ले सुरू, पासपोर्ट बदला, गॅझेट करा, कोर्टासमोर बसतो तिथून ॲफिडेव्हिट आणा. मी म्हटलं आता काही म्हणजे काही बदलायचं नाही, जे जसं आहे तसं गोठवा. ज्या पासपोर्टवर अर्ज जाणार तेच नाव मुख्य, फॉर्ममध्ये इतर नावांसाठी रकाना असतोच, तिथे सासरचं नाव लिहिलं, आणि दोन्ही नावांना जोडणारा कागद म्हणजे लग्नाचं प्रमाणपत्र, त्यात लग्नाआधीचं नाव आहे. सोबत अर्ध्या पानाचं साधं स्पष्टीकरण, कोणत्या कागदावर कोणतं नाव आणि का. प्रवासाआधी दोन महिने पासपोर्ट नव्यानं करायला टाकून बसलेली माणसं पाहिलीत मी, तारखा पुढे जातात आणि बाकीचे कागद शिळे होतात.

लग्नाची नोंदणी मात्र घरच्यांनी एकदम बरोबर केली होती, श्रेय द्यायलाच पाहिजे. जावयाला सुट्टी कमी, तरी लग्नानंतर आठवड्यातच दोघं आणि तीन साक्षीदार महानगरपालिकेच्या झोन ऑफिसला हजर झाले. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. दक्षिणा देताना भटजींची सहीही तेव्हाच घेऊन ठेवली होती, नाहीतर लग्नसराईत भटजी सापडत नाहीत. काउंटरवर बाबूंनी कच्चा प्रिंट दिला, बघून घ्या म्हणाले, आणि भाचीनं बघितला. जावयाच्या वडिलांचं नाव वासुदेव, आपल्या विदर्भात इंग्रजीत ते डब्ल्यूनं लिहितात, पासपोर्टवर तसंच आहे, टाइप करणाऱ्यानं व्ही टाकला होता. तिथल्या तिथे बदलून घेतलं. सही-शिक्का झाल्यावर हेच दुरुस्त करायला गेलं असतं तर जावयाला पुन्हा यायला लावतात की काय ही धास्ती.

नातं खरं आहे याचे पुरावे, इथे घरच्यांचा सगळ्यात जास्त उत्साह आणि माझी सगळ्यात जास्त काटछाट. बाराशे फोटोंमधून पंधरा-वीस ठेवले. प्रतापनगरला कांदेपोहे झाले त्या दिवशीचा एक, साखरपुडा, लग्नातले दोन-तीन पण त्यात दोन्हीकडचे आईवडील दिसतील असे, आणि मे मध्ये जावई दहा दिवस आला होता तेव्हाचे. प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण आहे. स्टेजवर दोघंच उभे असलेले, मागे एलईडीची हृदयं, असले चाळीस फोटो ताईला फार आवडतात पण चाळिसातून एकच गोष्ट कळते. मे च्या येण्याचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के त्यापेक्षा कितीतरी वजनदार, कारण त्यात माणूस खरोखर आला हे दिसतं.

चॅटचंही तसंच. दोघांचं बोलणं लग्न ठरल्यापासूनचं, सगळं छापलं तर रिमं लागतील. दर महिन्यातले एक-दोन दिवस निवडले, तारीख वर दिसेल असे, आणि मुद्दाम साधे दिवस. उदाहरणार्थ एप्रिलचा एक, ती सांगतेय बर्डीवर कूलरचं पंप मिळालं नाही, बाबा चिडून राहिले, तो विचारतोय मग रात्री झोपलीस कशी, मग घराच्या भाड्यावरून दोघांचं थोडं वाजलं आणि शेवटी गुड नाइट. भाची म्हणे मामा हे कशाला, भांडण आहे यात. मी म्हटलं म्हणूनच. मराठी मजकूर असल्यामुळे निवडलेल्या पानांचं इंग्रजी भाषांतर लावलं, त्यावर भाषांतर अचूक असल्याचं लिहून भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क लागतो, पत्रिकेलाही तेच. खाजगी पानं अर्थातच मी वाचली नाहीत, निवड तिनं केली, मी फक्त निकष सांगितले.

घराचं थोडक्यात. जावई एका मित्रासोबत दोन बेडरूमचं घर वाटून राहतो. वाटून राहिलं तरी चालतं, पण नवरा-बायकोला स्वतःची एक खोली पाहिजे आणि कायद्यानं घर गर्दीचं ठरायला नको. भाडेकरार, घरमालकाचं पत्र की बायको येऊन राहिली तर हरकत नाही, आणि काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिकडच्या घरपट्टीचं बिल, एवढं लावलं. घरमालक पत्राला जरा का कू करत होता, मग जावयानं पत्र स्वतःच टाइप करून नेलं, सहीपुरतं राहिलं तेव्हा झालं.

इंग्रजीसाठी भाचीनं आधीच बर्डीवरच्या एका क्लासमध्ये आयएल्ट्स ॲकॅडेमिकची चौकशी केली होती आणि त्यांनी फीची पावतीही फाडायला घेतली होती. स्पाउस व्हिसाला पहिल्या वेळी फक्त ए-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीचं बोलणं-ऐकणं लागतं, त्यासाठी आयएल्ट्स लाइफ स्किल्स नावाची वेगळी परीक्षा आहे, वीस मिनिटांच्या आत संपते, पास किंवा नापास, बँड वगैरे नाही. तिची बी.कॉम. इंग्रजी माध्यमातली, त्यावरही सूट मिळते, पण मग विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र आणि यूकेतल्या एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचा दाखला काढायला लागतो. मुंबईला टीबीच्या टेस्टसाठी जायचंच होतं, तेव्हा परीक्षा त्याच फेरीत उरकली. विदर्भ एक्स्प्रेसनं गेले, बाप-लेक. टीबीचं सर्टिफिकेट भारतातून सहा महिन्यांच्या वर जाणाऱ्याला सक्तीचं आहे, ठरलेल्या क्लिनिकमधूनच घ्यायचं, आणि सहा महिनेच चालतं, म्हणून ते ऑगस्टमध्ये केलं, हौसेनं एप्रिलमध्ये नाही.

आता पितृपक्ष. पगाराचे शेवटचे कागद, म्हणजे शेवटची स्लिप, स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, हे अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतले पाहिजेत. ऑगस्टची स्लिप २९ तारखेची, म्हणजे २६ सप्टेंबरच्या आत ऑनलाइन अर्ज करून फी भरलीच पाहिजे. कंपनीचं दुरुस्त पत्र यायला ५ सप्टेंबर उजाडला, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, घरी दहा दिवसांचा गणपती, आणि ८ तारखेपासून पितृपक्ष. आजी म्हणाली पितृपक्षात पोरीचं सासरी जायचं कागद करून राहिले का कोणी, मी जिवंत आहे तोवर नाही. मी सांगून पाहिलं की आजी, हे काम लेस्टरच्या पगाराच्या तारखेवर चालतं, पंचांगावर नाही. आजीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली, म्हणजे नाही. शेवटी २२ सप्टेंबरला घटस्थापना, त्या दिवशी सकाळी अर्ज टाकायचा असं ठरलं, २४ वा दिवस, चार दिवस हातात. माझ्या मनात नव्हतं, सर्व्हर बसला, कार्ड चाललं नाही तर काय, म्हणून फॉर्म आठ दिवस आधीच पूर्ण भरून, तपासून, फक्त पैसे भरायचे बाकी ठेवले. तो भरून ठेवलेला फॉर्म आजीच्या हिशेबात केलेलं काम धरलं जात नाही, हे ताईनं परस्पर ठरवून टाकलं.

फी १,९३८ पाउंड, आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५, एकूण ५,०४३, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. एका कार्डवर एवढं जात नाही, लिमिट आधी बँकेला सांगून वाढवून घ्यावं लागतं, जावयानं तिकडूनच भरलं. अर्ज नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, फी मिळत नाही.

अपलोडच्या वेळी फाइलींना नावं नीट दिली, स्पॉन्सर पगार मार्च ते ऑगस्ट, स्पॉन्सर बँक तेच महिने, नातं फोटो, नातं चॅट भाषांतरासह, अशी. स्कॅन वन ट्वेंटी थ्री डॉट पीडीएफ असली नावं टाकली तर शोधायचं काम त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर जातं आणि तो आपला नातेवाईक नाही. पहिल्या पानावर जावयाचं दीड पानी पत्र, कधी भेटलो, कधी लग्न, नोकरी कधी बदलली, मधे साडेतीन आठवडे का रिकामे होते, आणि म्हणून कॅटेगरी ए मध्ये अर्ज आहे, हे सरळ लिहिलेलं. जो प्रश्न पडणार हे आपल्याला माहीत आहे त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं बरं, लपवलं की शंका वाढते.

बायोमेट्रिकला दसऱ्यानंतर पुन्हा मुंबई. बाहेरून केलेल्या फॅमिली अर्जाला तेव्हा साधारण बारा आठवडे सांगत होते, त्याच्या आतच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला, ३३ महिन्यांचा, वर कोणतंही पत्र नाही, जास्तीचा कागद मागितला नाही.

भाचीला जाताना मी संत्रा बर्फी आणि एक रिकामी फाइल दिली, बर्फीचं कौतुक झालं, फाइलचं नाही. पण ३३ महिने संपायच्या आत एक्स्टेंशनचा अर्ज असतो, त्याला इंग्रजी ए-टू पातळीचं लागतं, आणि दोघं एका पत्त्यावर राहतात हे दाखवायला दोन वर्षांत पसरलेली, निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पत्रं मागतात. म्हणून पोचल्याच्या आठवड्यात काउन्सिल टॅक्सवर तिचं नाव चढवा, डॉक्टरकडे रजिस्टर करा, लाइटबिल जॉइंट करा, आणि जे पाकीट येईल ते त्या फाइलमध्ये, असं जावयाला सांगून ठेवलंय. परवा त्यानं फोटो पाठवला, पहिलं पत्र आलं, पाण्याच्या बिलाचं, दोघांच्या नावे, आणि तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. लगेच फोन करून दुरुस्त करायला लावलं.